जागेवरची सायकल

शाळेची सहल जोतिबाला गेली होती. मुलींना पायऱ्यांनी वर न्यायचं असं आम्ही शिक्षकांनीच ठरवलं होतं आणि ठरवताना सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी कोल्हापुरात मुलींच्या हायस्कुलात मराठी शिकवत होते. चाळिशी जवळ आली होती. घरात नळाला पाणी, दळण गिरणीत, धुण्याभांड्याला बाई. त्यामुळे फळ्यासमोर उभं राहणं आणि स्वयंपाक, एवढेच माझे श्रम. अर्ध्या वाटेत मी एका पायरीवर टेकले आणि पुन्हा उठवेना. कानात घण पडत होते. मुली पुढं निघून गेल्या होत्या. दोघी-तिघी परत आल्या आणि माझ्याच वहीनं मला वारा घालू लागल्या. वर देवळात घंटा वाजत होती. मी मात्र देव न बघता, एका सहशिक्षिकेच्या खांद्याला धरून, तशीच खाली उतरले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, कागदी पट्टीवर हृदयाच्या रेघाही काढून घेतल्या. मला वाटलं, आता मोठं काहीतरी सांगणार. त्या म्हणाल्या, तुमचं हृदय चांगलं आहे, त्याला कामाची सवय नाही इतकंच. औषध काही नाही. रोज अर्धा तास धाप लागेल असं काहीतरी करा.

मी बाहेर आले आणि पायरीवर उभी राहून नुसती विचार करत राहिले. धाप लागली की बसायचं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. धाप लागावी म्हणून काही करायचं, हे पहिल्यांदाच ऐकत होते. जोतिबाला जे झालं तो जर आजार होता, तर तेच रोज घडवून आणणं हे औषध कसं?

पण डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालायला सुरुवात केली. आम्ही राजारामपुरीत राहत होतो. सकाळी विद्यापीठाच्या रस्त्यानं जायचं आणि परत यायचं. वाटेत पहिल्याच दिवशी एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी स्कूटर थांबवली आणि विचारलं, बाई, कुठं निघालासा, सोडू का? मी म्हटलं, कुठं नाही, चालायला. ते म्हणाले, चालायला म्हंजी कुठं? ते मलाही नीट माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी हातात पिशवी घेतली, म्हणजे कुणी विचारलं तर भाजीला म्हणता येईल. मग भाजी आणावीच लागायची. ओळखीचं कुणी भेटलं की उभं राहून बोलावं लागायचं, नाहीतर बाईंना गर्व झाला म्हणाले असते. महिना होत आला तेव्हा घरात मेथी-कोथिंबिरीचा सुकाळ झाला होता आणि धाप मात्र एकदाही लागली नव्हती. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, थांबत थांबत चाललेलं धरायचं नाही.

माझ्या यजमानांचा उद्यमनगरात लहानसा कारखाना होता. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि चार माणसं. ऑइल इंजिनांचे भाग करून देत. कुठल्याही अडचणीवर कारखान्यात एखादी वस्तू करून तोडगा काढता येतो असं त्यांना वाटायचं. पुण्यात एका गिऱ्हाइकाच्या बंगल्यात त्यांनी व्यायामाची सायकल पाहिली होती, परदेशातून आणलेली. एका जागी उभी, पुढं एक जड चाक, वर बसून पाय मारायचे. ते म्हणाले, अगं, त्यात काय आहे? मी आठवड्यात करून देतो. मी विचारलं, ती वापरताना कुणाला पाहिलंत का? ते म्हणाले, नाही, तिच्यावर टॉवेल वाळत घातले होते.

आठवड्याचे तीन आठवडे झाले, पण सायकल आली. दोन माणसांनी हातगाडीवरून आणली, कारण एकट्याला उचलण्यासारखी ती नव्हती. जुन्या सायकलीचा सांगाडा खाली लोखंडी पट्ट्यांवर जोडला होता. पुढच्या चाकाच्या जागी इंजिनाचं ओतीव जड चाक, फ्लायव्हील. त्याच्यावरून कॅनव्हासचा पट्टा गेलेला आणि तो आवळायला एक स्क्रू. रंग हिरवा, इंजिनांना मारतात तोच. मधल्या खोलीत ती उभी केली तेव्हा तिथल्या फरशीनं बारीक आवाज केला.

गल्लीतल्या बायका बघायला आल्या. एकीला वाटलं, हे धार लावायचं यंत्र आहे. ती जाऊन विळी घेऊन आली. माझ्या सासूबाई दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांना मी आत्ती म्हणत असे. त्या नेसरीच्या, आणि कानडी मुलखाला लागून असलेल्या त्यांच्या गावाकडं सासूला तसंच म्हणतात. सासरे गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, धाकट्या दिरांकडची शेती सोडून त्या आमच्याकडं राहायला आल्या होत्या. त्यांनी सायकलीकडं सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि लेकाला विचारलं,

“हिच्यावर दळायचं काय?”

“काय बी न्हाय, आई. नुस्तं पाय मारायचं.”

“मग चाक कशाला फिरवायचं?”

यजमानांनी बरंच समजावलं. आत्ती ऐकून घेऊन पुन्हा तांदळाकडं वळल्या. मनातून मला त्यांचाच प्रश्न पटला होता.

दुसरी अडचण मी कुणाला सांगितली नव्हती. मला सायकल येतच नव्हती. आमच्या वेळेला कॉलेजच्या कितीतरी मुली सायकलवरून जायच्या, पण मी कधी शिकलेच नाही. ही पडणार नाही हे माहीत असूनही मी हँडल इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली. साडी साखळीत जाईल म्हणून यजमानांचा पायजमा आणि जुना शर्ट चढवला होता आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं. यजमानांनी पट्टा चांगला आवळून ठेवला होता. जड तेवढं गुणकारी, असा त्यांचा हिशोब. पॅडल जागचं हलेना. मग त्यांनी पट्टा पार सैल केला. चाक फिरायला लागलं, आणि फिरतच राहिलं. मी पाय थांबवले, पण पॅडलं थांबेनात. पॅडलांनीच माझे पाय उचलून पुढं टाकले, पुन्हा उचलले, आणि मी घाबरून पाय काढून घेतला तसा पॅडलचा फटका नडगीवर बसला. यजमान म्हणाले, असंच असतं बहुतेक. म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी एकटीच बसू लागले. काही वेळानं छाती धडधडायची, तोंड कोरडं पडायचं, आणि मग जोतिबाच्या पायरीवरचं सगळं परत यायचं. मी खाली उतरायचे तर पायांखालची फरशी पुढं सरकतेय असं वाटायचं. तशीच आडवी व्हायचे. हे बरं चाललंय की वाईट, हे कुणाला विचारावं? शाळेतले व्यायामाचे सर म्हणाले, आधी दूध-बदाम घ्या, मग घाम गाळा. शेजारच्या म्हणाल्या, अनशापोटी करायचं असतं. कुणी म्हणालं, आंघोळीनंतर करा. कुणी म्हणालं, घामानंतर लगेच आंघोळ कराल तर ताप येईल. मी सगळ्यांचंच ऐकलं. एक दिवस अनशापोटी, एक दिवस दूध पिऊन. भूक मात्र अशी लागायला लागली की शाळेतून आल्यावर मी उभ्या उभ्या दोन भाकऱ्या खायचे. ब्लाउज घट्ट व्हायला लागले. व्यायामानं माणूस जाड होतं की काय, अशी नवीनच शंका डोक्यात आली.

शेवटी पुन्हा दवाखाना गाठला. म्हटलं, मला एकच सांगा. चांगली धाप कुठली आणि वाईट धाप कुठली? डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला.

“पाय मारताना बोलता आलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. “पण गाता येता कामा नये. गाता आलं तर कमी पडतंय. बोलताच येईना तर जास्त होतंय.”

एवढी साधी गोष्ट आधी का नाही सांगितली, असं मला वाटलं. पण घरी येऊन सायकलवर बसले तेव्हा नवा घोळ झाला. बोलायचं कुणाशी? यजमान सातलाच कारखान्यात जायचे. आमच्या मुलांची शाळा सकाळची, माझी दुपारची. घरात राहायच्या त्या आत्ती.

लग्नाला सोळा-सतरा वर्षं झाली होती, पण आत्तींशी मी बोलत असे ते कामाचं. काय शिजवायचं, कोण येणार आहे, दूधवाला आला का. भांडण असं कधी झालं नाही. त्या माझ्या नोकरीविषयी काही विचारत नसत आणि मी त्यांच्या गावाविषयी. शहरात आल्यापासून तर त्या आणखीच गप्प झाल्या होत्या. दिवसभर काही ना काही निवडत बसायच्या. निवडायला काही नसलं तर निवडलेलंच पुन्हा निवडायच्या. त्या दिवशी मी दार उघडं ठेवलं आणि पायजमा-शर्टातच त्यांना आत बोलावलं. आत्तींनी माझ्या अवताराकडं पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय ते मी त्यांना समजावलं. त्या भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, बोल.

मला काही सुचेना. मग आदल्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते सांगायला लागले. कर्तरी प्रयोग, कर्मणी प्रयोग. आत्ती “व्हय” म्हणायच्या, आणि थोड्या वेळानं पुन्हा “व्हय”. शब्द तुटायला लागले की पट्टा ढिला कर म्हणायच्या. शब्द सरळ आले की म्हणायच्या, आता लई गप्पा मारायलीस, आवळ जरा. पहिल्याच दिवशी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलं होतं. मला मात्र पट्टा कुठल्या बाजूला फिरवला की ढिला होतो, हेदेखील रोज नव्यानं आठवावं लागायचं.

व्याकरण संपलं. मग शाळेतल्या बायकांचं सांगितलं, हेडमास्तरांचं सांगितलं. तेही संपलं. मधे कधीतरी मी त्यांनाच म्हटलं, आत्ती, तुम्ही काहीतरी सांगा की. त्या म्हणाल्या, मी बोलून काय उपेग, धाप तुला लागाय पायजे. त्यामुळं मलाच आत आत जावं लागलं. माझ्या माहेरचं, जयसिंगपूरचं. वडिलांच्या किराणा दुकानाचं. स्टेशनवर मालाची पोती यायची त्याचं. आणि एक दिवस, कसं ते मला अजून नीट सांगता येत नाही, मी आईचं बोलायला लागले.

मी दहा-अकराची असताना आई गेली. आडावरून पाण्याची घागर घेऊन आली, घागर उंबऱ्याशी ठेवली आणि धापा टाकत खाली बसली. मी तिच्यासमोरच होते. ती एकदा माझ्याकडं बघून हसली, पाणी दे म्हणाली. मी तांब्या घेऊन आले तोवर ती भिंतीला कलली होती. हे मी यजमानांनाही कधी इतकं सविस्तर सांगितलं नव्हतं. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की त्या दिवसानंतर मी कधी पळालेच नाही. शाळेत खेळाच्या तासाला पोट दुखतंय म्हणायचे. जिना चढताना मधे थांबायचे. श्वास जोरात व्हायला लागला की सगळं सोडून बसायचे. सायकल शिकले नाही तीही बहुधा त्यामुळंच. तीस वर्षं मी धाप लागू दिली नव्हती आणि त्यामागचं कारण मला माहीत नव्हतं.

माझे शब्द तुटत होते. ते धापेनं तुटत होते की रडण्यानं, ते मला कळत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी रडण्याचं काही सांगितलं नव्हतं. मी पाय थांबवायला गेले, पण त्या चाकाला थांबायचं माहीत नव्हतं. त्यानं माझे पाय तसेच फिरवत नेले.

आत्ती उठून जवळ आल्या. मला वाटलं, आता पट्टा ढिला करायला सांगतील.

“तुझ्या आईला धापेनं न्हाय न्हेलं, पोरी,” त्या म्हणाल्या. “आतला आजार हुता, त्येनं न्हेलं. धाप बिचारी काय करती? तू पाय मार.”

मी पाय मारले. किती वेळ ते माहीत नाही. आत्ती सीटमागं हात ठेवून उभ्या होत्या, शिकाऊ पोराची सायकल कुणी धरावी तशा. ती सायकल पडणार नव्हती तरी.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणता येत नाही. धडधडायला लागलं की भीती यायचीच. फरक एवढाच की ती कुठून येते हे आता माहीत होतं. रोज सकाळी आम्ही दोघी त्या खोलीत असायचो. मला वाटत होतं, मी आत्तींना बोलतं केलं. गप्प बसून राहणाऱ्या बाईला रोज सोबत झाली. मी हे यजमानांना सांगितलंही, जरा अभिमानानं.

मे महिन्यात आत्ती पंधरवड्यासाठी नेसरीला गेल्या. पंधरवडा उलटला आणि एस.टी.तून आलेल्या गावच्या एका माणसानं निरोप दिला की म्हातारी आता येत नाही म्हणतेय. यजमान चक्रावले. मला विचारलं, तुमच्यात काही झालं का? काहीच झालं नव्हतं. उलट लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही इतक्या जवळ आलो होतो. मला काही उलगडा होईना. इकडं सायकलवर बसायचा प्रयत्न केला तर तोही जमेना. एकटीनं मोठ्यानं बोलायला सुरुवात केली की आपलाच आवाज खोलीत विचित्र वाटायचा. शाळेला सुट्टी होती. मी गडहिंग्लजची एस.टी. धरली आणि तिथून नेसरीला गेले.

दिरांच्या घरासमोरच्या कट्ट्यावर आत्ती दोन बायकांबरोबर पेरणीसाठी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या बोलत होत्या. हात चालले होते आणि तोंडही. मधेच कुणाची तरी नक्कल केली, तशा दोघी बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी वाटेवर उभी राहून बघत होते. मला क्षणभर वाटलं, या दुसऱ्याच कुणी बाई आहेत.

संध्याकाळी घरात आम्ही दोघीच असताना मी विचारलं, आत्ती, आमच्याकडं काही कमी पडलं का? त्यांनी शेंगांची पाटी बाजूला सारली.

“कमी काय पडतंय? तुझी शाळा ऐकली. तुझं म्हायेर ऐकलं. समदं ऐकलं की. माझं कुणी ऐकायचं?”

“मग बोलायचं होतंत की तुम्ही.”

“डाक्तरीण म्हणाली तू बोलायचंस. मी कवा बोलू?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दूध नासलं असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. रोज अर्धा तास समोरासमोर बसून एकच माणूस बोलत होतं आणि ते मी होते, ही इतकी उघड गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी वर्गात शिकवते तशी घरातही शिकवत राहिले होते का? की त्यांनाही माझं ऐकायचं होतं, आणि शिवाय बोलायचंही होतं? दोन्ही खरं असावं. मी त्यांच्या पाटीतल्या शेंगा फोडायला घेतल्या, अंगठ्याचं नख दुखेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर आत्तींनी मला माळावरचं शेत दाखवायला नेलं. वाट चढाची होती. त्या पुढं, मी मागं. जाताना त्या एकेका बांधाची हकीकत सांगत होत्या. मी मधे काहीतरी विचारलं तशा त्या वळून म्हणाल्या, तू आता गप बस, तुला कुठं धाप लागलीया. आणि खरंच लागली नव्हती. आम्ही जवळजवळ वर पोचलो होतो. धाप लागायची कधी थांबली हे मला समजलंच नव्हतं. मी मागं वळून वाट पाहिली. तिचा चढ मला वाटला होता त्यापेक्षा चांगलाच मोठा होता.

मी तीन दिवस राहिले. परत या, असं म्हणायचं धाडस झालं नाही. निघताना आत्ती म्हणाल्या, पेरणी झाली की बघीन.

जून सरता सरता त्या आल्या, आपल्या पायांनी, गडहिंग्लजच्या गाडीनं. तोवर यजमानांनी कुठून तरी माहिती काढून सायकलीला फ्रीव्हील बसवलं होतं. आता पाय थांबवले की पॅडलं थांबायची. मला इतक्या दिवसांची दुसरीच सवय लागली होती; पाय थांबताच मी पुढं तोंडावर पडता पडता वाचले. चाक नीट झालं म्हणून यजमान खूश होते आणि मी पुन्हा पहिल्यापासून गोंधळलेली.

पण दोघींचं आम्ही ठरवून घेतलं. सायकलवर असेतोवर बोलायचं मी. खाली उतरले की फरशीवर बसून श्वास जागेवर येईपर्यंत मी गप्प, आणि आत्तींनी बोलायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं की लग्नानंतरच्या पावसाळ्यात त्या सासरहून पळून गेल्या होत्या. पहाटे कुणाला न सांगता निघाल्या आणि माहेरच्या वाटेला लागल्या. ओढ्यापर्यंत गेल्या, आणि चुलीवर दूध तसंच ठेवून आलो हे आठवलं. “दूध उतू जाणार म्हणून फिरले बघ,” त्या म्हणाल्या. सासऱ्यांना कळलं का, दुधाचं काय झालं, पुन्हा कधी जावंसं वाटलं का, असं कितीतरी विचारायचं होतं. पण माझा श्वास अजून जागेवर आला नव्हता, आणि आत्ती थांबल्या नाहीत.